लाल बांधणीची वही

"बाई, तुम्ही फक्त बाजूला उभं राहायचं," अध्यक्ष म्हणाले, "आणि हसायचं."

ज्या टेबलामागे बसून बाईंनी अठ्ठावीस वर्षं पुस्तकं दिली आणि घेतली, ते टेबल आता भिंतीला सरकवलं होतं. त्याच्या जागी माणसाएवढं उंच, पांढरंशुभ्र यंत्र येऊन बसलं होतं. त्याच्यावरचं प्लास्टिक अजून काढलेलं नव्हतं, कारण तो मान अध्यक्षांचा होता. आणि वाचनालयाच्या ग्रंथपाल असलेल्या बाईंना हसायला सांगण्यात आलं होतं. आता तुम्हीच सांगा, कुणाला येईल हसू?

यंत्राचं काम साधं होतं. सभासदाने आपलं कार्ड टेकवायचं, पुस्तक ठेवायचं, यंत्र 'धन्यवाद' म्हणायचं, झालं. परत करताना पुस्तक फटीत सरकवायचं. एवढ्यावर ते थांबलं असतं तरी बाईंनी सहन केलं असतं. पण ते यंत्र वाचकाला वर सल्लाही द्यायचं: 'तुम्हाला हेही आवडेल.' चार दिवसांच्या चाचणीत त्याने टेलरबाईंना विहिरी खोदण्याविषयीचं पुस्तक सुचवलं होतं. यंत्राने सगळी कामं नीट केली तर टेबल बंद करायचं आणि बाईंना मागच्या जुन्या अंकांच्या खोलीत पाठवायचं, असा समितीचा बेत होता. महिनाअखेरच्या सभेत त्याचा निकाल लागणार होता. त्या खोलीला खिडकी नव्हती, आणि तिथे आजवर कुणी गेलंच तर झाडू शोधायला गेलं होतं.

"अजून चार वर्षं आहेत माझी. चार वर्षं मी मासिकांच्या गठ्ठ्यांशी बोलत बसू?" बाईंनी घरी नवऱ्याला विचारलं होतं.

"निदान ते उलट बोलणार नाहीत," नवरा वर्तमानपत्रामागून म्हणाला. त्यावर बाई त्याच्याशी दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी बोलल्या, तेव्हा त्याने मधल्या दोन दिवसांची दखलच घेतली नव्हती असं लक्षात आलं, आणि मग आणखी एक दिवस बोलल्या नाहीत.

बाईंचा राग जागेसाठी होता तेवढाच त्या सल्ल्यासाठी होता. कुणाला काय द्यायचं हे यंत्राला काय कळणार? बाईंना कळत होतं. नोकरीच्या पहिल्या आठवड्यापासून त्या एका जाडजूड वहीत प्रत्येक वाचकाची नोंद ठेवत आल्या होत्या. काय आवडतं, काय आवडतं म्हणून सांगतो, आणि खरं काय आवडतं. टेलरबाईंच्या नोंदीत लिहिलं होतं: 'शेवटचं पान आधी वाचते. कुणी मरत असेल तर पुस्तक तिथेच ठेवते. गोड शेवटाची वेगळी काढून ठेवावीत.' दंतवैद्यांच्या कवितांच्या आवडीवर तीन पानं खर्ची पडली होती. ही वही बाईंशिवाय कुणी पाहिली नव्हती. बाईंनी ती कुणाला दाखवण्यासाठी लिहिलीच नव्हती, म्हणून त्यात सगळं खरं होतं.

मागच्या वर्षी वहीचा कणा खिळखिळा झाला. फाटकी पुस्तकं बाइंडरकडे जातच होती, बाईंनी त्यांच्यातच वहीही दिली. बाइंडरने सवयीप्रमाणे सगळ्यांना सारखंच लाल कापड चढवलं. वाचनालयात तशा लाल बांधणीची चारशे पुस्तकं होती, आता चारशे एक झाली. बाईंना वही दुरूनही ओळखू यायची. इतरांना कशी येणार?

इतर म्हणजे शिपाईमामा. चौदा हजार पुस्तकांना आठ दिवसांत चिप चिकटवायची होती, आणि मामांना हुकूम होता की बांधणी दिसली की चिकटवा. मामा हुकमाचे पक्के. आठव्या दिवशी त्यांनी तक्रारवहीलाही चिप लावली. बाईंनी ती ओरबाडून काढली आणि मामांना चांगलंच फैलावर घेतलं. त्या गडबडीत टेबलाच्या खालच्या कप्प्यातून लाल बांधणीची वही निघाली, तिला चिप लागली, यंत्राने तिच्या पहिल्या पानाचा फोटो घेतला, आणि ती उद्घाटनासाठी ठेवलेल्या ढिगात जाऊन बसली. बाई तेव्हा तक्रारवहीची फाटलेली पाठ चिकटवत होत्या.

तर उद्घाटन. अध्यक्षांनी प्लास्टिक काढलं, पंचवीस मिनिटं भाषण केलं, आणि ढिगातलं सगळ्यात भारदस्त दिसणारं पुस्तक उचललं. पहिला मान सर्वांत जुन्या सभासदाचा, म्हणजे निवृत्त हेडमास्तरांचा होता. त्यांनी कार्ड टेकवलं. पडद्यावर मोठ्या अक्षरांत उमटलं: 'वाचक. लेखक: ग्रंथपाल. विभाग: प्राणी व पक्षी.'

टाळ्या वाजल्या. बाईंच्या चेहऱ्यावर हुकमाने आणलेलं हसू तसंच राहिलं, फक्त त्याच्यामागचं रक्त उतरलं.

"अहो, थांबा, ते..." बाई पुढे झाल्या.

"बाई, मी काय म्हटलं? बाजूला," अध्यक्ष दातांमधून म्हणाले.

"धन्यवाद," यंत्र म्हणालं. "चौदा दिवसांत परत करा."

ती माझी खासगी वही आहे, असं बाईंना तिथेच ओरडून सांगता आलं असतं. पण मग अध्यक्षांनी ती उघडून पाहिली असती, आणि त्या वहीत अध्यक्षांचंही पान होतं. त्या पानावर बाईंनी जे लिहिलं होतं ते खरं होतं, आणि महिनाअखेरीला टेबलाचा निकाल त्याच माणसाच्या हातात होता. बाई गप्प बसल्या. गर्दी पांगल्यावर त्या तडक हेडमास्तरांच्या कोपऱ्यात गेल्या. सरांनी वही उघडली होती आणि बोट जिभेला लावून ते पान उलटत होते.

"सर, ते चुकून आलंय. द्या इकडे."

"चौदा दिवस," सर म्हणाले.

"अहो, माझी वही आहे ती!"

"मागच्या वर्षी मी एक दिवस वाढवून मागितला होता. दाढ काढली होती माझी. आठवतं तुम्ही काय म्हणालात? 'सर, नियम म्हणजे नियम. दाढ काढायला चौदा दिवस लागत नाहीत.'" सरांनी चष्मा वर केला. "आणि हे काय आहे? पहिल्याच पानावर? 'कोपऱ्यात बसतो. दुपारी घोरतो. पानं जिभेनं ओली करून उलटतो. हुसकावू नये, संध्याकाळी आपणहून जातो.' हा मी?"

यंत्राने वहीला प्राणी व पक्षी विभागात का टाकलं, याचा उलगडा बाईंना त्या क्षणी झाला.

"सर, आपुलकीनं लिहिलंय ते."

"आणि पुढे? 'इतिहास मागतात. खरी आवड भुतांच्या गोष्टी. दोन इतिहासांच्या मधे एक भूत घालून द्यावं.' हे आमच्या हिनं वाचलं तर?"

"म्हणूनच म्हणते, परत करा!"

"करीन की. वाचून झाल्यावर," सर म्हणाले आणि पुन्हा बोट जिभेकडे नेलं. "आत्ता दंतवैद्य चाललेत. फार रंगलंय."

सरांनी चाळीस वर्षं मुलांना गप्प बसवलं होतं, पण स्वतःला गप्प बसणं त्यांना जमत नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत अर्ध्या वाचनालयाला कळलं की बाईंनी सगळ्यांविषयी लिहून ठेवलंय. बाईंनी मनाचा हिय्या करून आपलं कार्ड यंत्राला टेकवलं आणि वहीचं नाव टाकलं.

"या पुस्तकाला मागणी आहे," यंत्र गोड आवाजात म्हणालं. "रांगेतला तुमचा क्रमांक एकोणीस."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी कंपनीच्या माणसाला फोन लावला. हा टक्कल पडलेला, दमलेला गृहस्थ प्रत्येक वाक्याला सिस्टीमचा आधार घ्यायचा, म्हणून मामांनी त्याचं नाव सिस्टीमवाले ठेवलं होतं.

"सिस्टीममधून पुस्तक रद्द करता येतं की," सिस्टीमवाले म्हणाले. "प्रत फक्त यंत्रावर ठेवा."

"प्रत माझ्याकडे नाही, म्हणून तर रद्द करायचंय!"

"मग रांगेत थांबा."

"माझीच वही मी रांगेत उभी राहून घेऊ?"

"सिस्टीमला तसं कळत नाही ना, बाई. सिस्टीमसाठी तुम्ही सभासद."

"मी ग्रंथपाल आहे!"

"तो पर्याय आहे सिस्टीममध्ये," सिस्टीमवाले विचार करून म्हणाले, "पण फार आत आहे. थकलेल्या पुस्तकांसाठी. तुम्हाला त्याची गरज पडणार नाही."

सहाव्या दिवशी सरांनी वही परत आणली. बाई फटीजवळ टपूनच होत्या, पण सरांनी त्यांच्या हाताखालून वही फटीत सरकवली. आत काहीतरी घरघरलं आणि शेजारच्या काचेच्या कपाटात, सात नंबरच्या कप्प्यात, वही येऊन उभी राहिली. मागणी असलेली पुस्तकं त्या कपाटात जायची आणि कप्पा उघडायचा तो फक्त पुढच्या वाचकाच्या कार्डाने. बाई काचेला नाक लावून पाहत राहिल्या. वही आणि त्यांच्यात चार बोटांचं अंतर होतं.

"बाई, फूटपट्टी घालून बघू?" मामांनी हळूच विचारलं. चूक आपली, हे त्यांना मनातून खात होतं.

बाईंनी त्यांच्या हातून फूटपट्टी घेऊन काचेच्या फटीत घातली मात्र, कपाटाने असा भोंगा सुरू केला की वाचनकक्षातली माणसं खुर्च्या सोडून उभी राहिली. अठ्ठावीस वर्षं बाईंनी नुसत्या खाकरण्यावरूनही माणसांना टोकलं होतं. त्या वाचनालयातला आजवरचा सगळ्यात मोठा आवाज शेवटी त्यांच्याच हातून व्हायचा होता. भोंगा बंद करायला सिस्टीमवाल्यांना यावं लागलं, आणि ते जेवून आले.

पुढची वाचक निघाली बाईंची धाकटी जाऊ. ती वरच्या मजल्यावर राहायची. संध्याकाळी ती वही छातीशी धरून खाली आली ती भांडायच्या तयारीनेच. बाईंचा नवरा वर्तमानपत्र वाचत होता.

"ताई, हे काय लिहिलंय? 'पुस्तक नेते, टीपॉयवर ठेवते, चौदा दिवसांनी धूळ पुसून परत आणते. जाड आणि देखणी पुस्तकं द्यावीत.'"

"अगं, ते..."

"खरं आहे ते, मी नाही म्हणत नाही. पण दोनच ओळी? त्या दंतवैद्याला तीन पानं! घरच्या माणसाला दोन ओळी?"

"तू आधी ती वही दे बरं इकडे."

"मुळीच नाही. माझ्यामागे चौघींना मी शब्द दिलाय. आणि मी ही अख्खी वाचणार आहे. मी वाचत नाही असं तुम्ही लिहिलंय ना? आता बघाच." जावेने पान उलटलं. "भाऊजींचंही आहे हं यात. 'नवरा: वाचत नाही. माझ्याशी बोलायला लागू नये म्हणून वर्तमानपत्र धरतो.'"

नवऱ्याने वर्तमानपत्र थोडं वर धरलं.

जावेने वही दोन दिवसांत संपवली. आयुष्यात पहिल्यांदाच तिने एखादं पुस्तक शेवटपर्यंत वाचलं होतं, आणि ते तिने सगळ्या गल्लीला सांगितलं. बाईंना काळजी एकाच पानाची होती. वही जितक्या हातांतून जाईल तितकं ते पान अध्यक्षांच्या कानावर जाण्याची शक्यता वाढत होती. रोज सकाळी त्या वाचनालयाचं दार उघडताना आज बोलावणं येणार असं धरूनच चालत होत्या.

बोलावणं आलं नाही, वाचक मात्र आले, आणि तेही रागावलेले. यंत्राकडे ढुंकूनही न बघता ते थेट भिंतीजवळच्या टेबलाशी येऊन थडकू लागले.

"मी शेवट आधी वाचते हे खरं," टेलरबाई म्हणाल्या, "पण ते जगाला कशाला कळायला हवं? माझी गिऱ्हाइकं विचारतात आता, 'आमच्या कपड्याचंही शेवटचं टोक आधी शिवता का?'"

"मी आठ वर्षं येतेय," त्यांच्यामागची एक बाई कडाडली, "आणि माझी नोंदच नाही! मी काय भिंत आहे?"

"तुम्ही एवढ्या गप्प असता, मला वाटलं..."

"म्हणून लिहायचं नाही? लिहा आत्ताच्या आत्ता. मला प्रवासवर्णनं आवडतात. आणि ते तुमचं यंत्र मला रोज स्वयंपाकाची पुस्तकं सुचवतं. एकदाच नेलं होतं हो, ते पण नणंदेसाठी!"

दंतवैद्य आले ते मात्र रागावलेले नव्हते. तीन पानं वाचून झालेल्या माणसाचा चेहरा करून ते उभे राहिले, मग म्हणाले, "चौथं पान व्हायला हवं असेल तर काय वाचू?" बाईंनी कपाळाला आठ्या घातल्या आणि कपाटातून एक पातळ संग्रह काढून दिला. टेलरबाईंसाठी काढून ठेवलेली गोड शेवटाची पुस्तकं आपल्यालाही हवीत म्हणून आणखी तिघी भांडून गेल्या. टेबलासमोर रांग लागायला लागली. यंत्राकडे कुणी फिरकेना, तेव्हा मामांनी त्याच्यावर ओलं फडकं वाळत घातलं.

बाईंना यात समाधान वाटायला हवं होतं, पण त्यांना रागच येत होता. यंत्राचा, सरांचा, जावेचा, त्या बाइंडरचा, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा. इतकी वर्षं कुलूप लावून ठेवायला काय झालं होतं?

महिनाअखेरच्या सभेला दोन दिवस उरले असताना अध्यक्षांचा फोन आला. आवाजात आनंद मावत नव्हता.

"बाई, यंत्राचा अहवाल पाहिलात? एका पुस्तकाला चौऱ्याहत्तर जण रांगेत! आणि विभाग कुठला? प्राणी व पक्षी! तुमच्या काळात कधी कुणी प्राण्यांचं पुस्तक मागितलं होतं?"

"नाही," बाई म्हणाल्या. ते खरंच होतं.

"ही यंत्राची कमाल! सभेत मी त्यातलं एखादं पान वाचूनच दाखवणार आहे. रांगेत माझं नाव सगळ्यात वर घेतलंय. अध्यक्षांना तेवढा अधिकार असतो."

बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. त्या रात्री जेवताना त्यांनी नवऱ्याला सांगितलं, "खोलीला खिडकी पाडून मिळेल का, ते विचारते." नवऱ्याने वर्तमानपत्र खाली ठेवलं. घडी घालून, बाजूला. एवढ्यावरून प्रकरण किती गंभीर आहे ते तुमच्या लक्षात यावं.

"लिहिलंय तरी काय तू त्यांच्याबद्दल?" त्याने विचारलं. बाईंनी सांगितलं. तो इतका हसला की त्याला ठसका लागला, आणि बाई ताटावरून उठल्या.

सभेच्या दिवशी समितीचे पाचही जण काचेच्या कपाटासमोर जमले. चिटणीस टिपणवही उघडून तयार होते. सर नेहमीच्या कोपऱ्यात होते, टेलरबाई आणि दंतवैद्य उगाचच कपाटं न्याहाळत होते, आणि बाई ठरल्याप्रमाणे बाजूला उभ्या होत्या. अध्यक्षांनी चार शब्द म्हणून अर्धा तास बोलून घेतलं आणि ऐटीत कार्ड टेकवलं.

तांबडा दिवा लागला. यंत्राने तोंड उघडलं ते पुरेशा मोठ्या आवाजात.

"आपलं कार्ड बंद आहे. आपल्याकडे एक पुस्तक थकलेलं आहे. नऊ हजार दोनशे छप्पन्न दिवस. कृपया ग्रंथपालास भेटावे."

अध्यक्षांनी कार्ड पुसून पुन्हा टेकवलं. यंत्राने सगळं पुन्हा सांगितलं, आकड्यासकट. समितीतले लोक छताकडे बघू लागले. जुनी रजिस्टरं यंत्रात भरताना बाईंनी एकही ओळ गाळली नव्हती, आणि त्या रजिस्टरांत पंचवीस वर्षांपूर्वीची एक नोंद होती. अध्यक्ष तेव्हा साधे सभासद होते आणि सभेत भाषण कसं करावं याचं एक पुस्तक त्यांनी नेलं होतं.

"बाई," अध्यक्ष घाम पुसत म्हणाले, "हे जरा बघा बरं. ते माफ वगैरे करून टाका."

'ग्रंथपालास भेटावे.' आल्यापासून त्या यंत्राने बाईंची ओळख पहिल्यांदाच दाखवली होती. बाई टेबलामागे गेल्या आणि खुर्चीत बसल्या. कार्ड तसंच सुरू करून दिलं तर कप्पा आत्ताच उघडणार आणि अध्यक्ष वही वाचणार. नाही दिलं तर अध्यक्ष सगळ्यांसमोर तोंडघशी पडणार आणि मागची खोली पक्की होणार. दोन्हीकडून मरणच होतं, त्यामुळे बाईंनी विचार करायचं सोडून दिलं. मग आत उरला तो निव्वळ राग.

"पुस्तक आणलंय?" त्यांनी विचारलं.

"अहो, पंचवीस वर्षं झाली त्याला!"

"तेच म्हणतेय मी. सरांची दाढ काढली तेव्हा मी एक दिवस वाढवून दिला नाही. माझ्या जावेला दिला नाही. पुस्तक आणा, कप्पा उघडेल."

अध्यक्षांनी सगळ्यांकडे पाहिलं, आणि कुणीच त्यांच्याकडे पाहत नाही असं पाहून ते तरातरा बाहेर पडले. घर समोरच्याच रस्त्याला होतं. वीस मिनिटांनी ते वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पुस्तक घेऊन परत आले. बाईंनी पानं मोजली, दुमडलेले कोपरे सरळ केले, जुन्या चिठ्ठीवर तारखेचा शिक्का मारला, आणि मग यंत्रात ग्रंथपालाचा तो फार आत दडलेला पर्याय शोधून काढला. सात नंबरचा कप्पा उघडला.

अध्यक्षांनी वही घेतली, घसा साफ केला आणि पहिलं पान मोठ्याने वाचलं. "'कोपऱ्यात बसतो. दुपारी घोरतो. पानं जिभेनं ओली करून उलटतो. हुसकावू नये, संध्याकाळी आपणहून जातो.'"

"अस्वल असावं," समितीतले एक जण म्हणाले.

कोपऱ्यातून सर खाकरले.

अध्यक्षांनी आणखी चार पानं उलटली, आणि वही आपोआप एका पानावर उघडली. त्या पानाचा कोपरा इतक्या जणांनी दुमडला होता की तो जवळजवळ गळून पडायला आला होता. अध्यक्ष मनातल्या मनात वाचू लागले. बाईंना ते तोंडपाठ होतं. 'अध्यक्ष: भाषणाचं पुस्तक नेलं आहे, परत नाही. मागू नये. वाचनालयापेक्षा त्यांना गरज जास्त, आणि सभांना बसावं आपल्याला लागतं.' बाईंना ठाऊक नव्हतं ते त्याखालचं. तिथे वेगवेगळ्या शाईत, वेगवेगळ्या अक्षरांत लिहिलेलं होतं: 'सहमत.' 'सहमत.' 'गरज अजून आहे.' 'दुसरं पुस्तक देऊन बघावं.' अशा अकरा ओळी होत्या. चिटणिसांनी वाकून पाहिलं, शेवटून तिसऱ्या ओळीचं अक्षर ओळखीचं निघालं, आणि ते घाईने आपल्या जागी जाऊन बसले. अक्षर त्यांचंच होतं.

अध्यक्ष लालबुंद झाले.

"हे साफ खोटं आहे!" ते गरजले. "मी हे पुस्तक दोनदा परत आणलं होतं! एकदा तुम्ही जेवायला गेला होता, एकदा रजेवर होता. टेबलावर कुणी नाही! टेबलावर माणूसच नसेल तर वाचकानं पुस्तक द्यायचं कुणाकडे? भिंतीला? ज्या वाचनालयात टेबलामागे माणूस नाही, ते काय वाचनालय म्हणायचं?"

हे त्यांचं त्या वाचनालयातलं सगळ्यात छोटं आणि सगळ्यात चांगलं भाषण होतं. मग कोपऱ्यातून सर म्हणाले, "अगदी बरोबर. टेबलामागे माणूस हवाच." टेलरबाईंनी टाळी वाजवली आणि दंतवैद्यांनी दुसरी.

"हे ठराव म्हणून लिहून घेऊ?" चिटणिसांनी विचारलं. त्यांना विषय बदलायची घाई होती.

अध्यक्षांनी तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. आपण काय बोलून बसलो ते त्यांच्या आत्ता ध्यानात आलं होतं.

"...लिहा," ते म्हणाले. "आणि बाई, ती नोंद दुरुस्त करा."

सभा संपली. टेबल मामांनी भिंतीपासून ओढून पुन्हा जागेवर आणलं आणि यंत्र दोन हात सरकवलं. बाईंनी वही हातात घेतली आणि एकेक पान उलटू लागल्या. जिकडेतिकडे शाई होती. दुरुस्त्या, पुरवण्या, बाण. दंतवैद्यांनी समासात कविता लिहिली होती. जावेने आपल्या दोन ओळींखाली दीड पान वाढवलं होतं. अठ्ठावीस वर्षं या माणसांना एकच गोष्ट शिकवली होती, पुस्तकात लिहायचं नाही!

शेवटच्या पानावर एक नोंद होती, जी बाईंनी केलेली नव्हती. अक्षर हेडमास्तरांचं, ठसठशीत. 'बाई: टेबलामागे बसतात. चिडतात. काय हवं ते त्यांना सांगावं लागत नाही. हुसकावू नये.' खाली सह्या होत्या. बाईंनी मोजायला सुरुवात केली, पण तिसऱ्या ओळीनंतर अक्षरं नीट दिसेनात. त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला. फार बरं वाटलं त्यांना, आणि ते कुणाला दिसू नये म्हणून त्या ओरडल्या, "पेनानं लिहिलंय, पेनानं! पुस्तकात! निदान पेन्सिल तरी घ्यायची!"

सिस्टीमवाले यंत्राची जागा बदलली म्हणून तारा जोडायला आले होते. वही टेबलावर पाहून त्यांना आठवण झाली.

"बाई, आता प्रत हातात आहे. सिस्टीममधून रद्द करून टाकू? एका मिनिटाचं काम आहे."

बाई वहीवर हात ठेवून बसल्या. रांगेत अजून त्र्याहत्तर जण होते.

"नको," त्या म्हणाल्या. "पण पेन्सिल बांधून द्या तिला, दोरीनं."

"मग विभाग तरी बदलतो. प्राणी व पक्षी आलंय, सिस्टीमची चूक झालीय ती. कुठे टाकू?"

बाईंनी वाचनकक्षाकडे नजर टाकली. कोपऱ्यात सर बोट जिभेला लावून पान उलटत होते, आणि इतिहासाच्या आतून भुताचं पुस्तक डोकावत होतं. टेलरबाई कपाटाआड उभ्या राहून शेवटचं पान वाचत होत्या. जाऊ आपल्या दीड पानाचं आणखी काही करता येईल का, ते पाहायला पेन घेऊन दारातून आत येत होती. खिडकीपाशी अध्यक्ष बसले होते. भाषणाचं पुस्तक त्यांनी पुन्हा नेण्यासाठी काढलं होतं आणि ओठ हलवत ते वाचत होते.

"राहू द्या तिथंच," बाई म्हणाल्या. "यंत्रानं एवढं एक काम बरोबर केलंय."